प्रकाशाचा चिमटा आणि द्रव स्फटिक

प्रकाश ज्या वस्तूवर पडतो तिला तो अत्यल्प असा धक्का देतो. आपल्या हाताला तो जाणवत नाही. परंतु मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या कणाला तो पुरेसा होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅश्किन यांनी 1970 साली लेसर किरणांनी असे कण ढकलून दाखविले आणि 1986 साली एकाच किरणशलाकेच्या केंद्रबिंदूत कण धरून ठेवला. या ‘प्रकाश-चिमट्या’साठी त्यांना 2018 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पाण्यात या चिमट्याचा नियम सरळ आहे. कणाचा वक्रीभवनांक पाण्यापेक्षा अधिक असेल, तर कण केंद्राकडे ओढला जातो. कमी असेल, तर दूर लोटला जातो. द्रव स्फटिकात मात्र निराळेच घडते.

द्रव स्फटिक म्हणजे काय? 1888 साली फ्रीड्रिश राइनिट्झर यांना एक पदार्थ 145.5 अंश सेल्सिअसला वितळून गढूळ होताना व 178.5 अंशांना स्वच्छ होताना आढळला. या मधल्या अवस्थेत पदार्थ वाहतो, तरीही त्याच्या रेणूंच्या मांडणीत शिस्त असते. नेमॅटिक या साध्या प्रकारात काडीसारखे रेणू, प्रवाहात सोडलेल्या ओंडक्यांप्रमाणे, एकाच दिशेकडे तोंड करून असतात. ही शिस्त तापमानावर अवलंबून असते. प्रयोगशाळेत नेहमी वापरला जाणारा ‘5सीबी’ हा पदार्थ सुमारे 24 ते 35 अंशांतच नेमॅटिक असतो. वैशाखात झाशीचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी तो उघड्यावर ठेवल्यास साधा द्रव होऊन जाईल.

2004 साली स्लोव्हेनियातील इगॉर मुशेविच व त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की, नेमॅटिकमध्ये कमी वक्रीभवनांकाचे कणही लेसरकडे ओढले जातात. याचे कारण असे की, कणाभोवतीचे रेणू त्याच्या पृष्ठभागामुळे वाकतात. तीव्र प्रकाशही रेणूंची दिशा बदलतो. वाकलेली मांडणी ताणलेल्या पडद्याप्रमाणे पूर्ववत होऊ पाहते आणि त्या ओढीने कण सरकतो. 2006 साली याच चिमट्याने कण जवळ आणून त्यांची जाळीदार रचना उभारण्यात आली. ती पाण्यातील कणांच्या बांधणीपेक्षा पुष्कळ बळकट होती.

द्रव स्फटिकांच्या ज्ञानात भारताचाही वाटा मोठा आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी 1977 साली चकतीसारख्या रेणूंचे द्रव स्फटिक प्रथम शोधून काढले. मनगटावरील घड्याळाचे आकडे दाखविणारा हाच पदार्थवर्ग उद्या प्रकाशाला वळविणाऱ्या सूक्ष्म रचनांचा पाया ठरू शकेल.