बेडकाच्या नावाचा प्रोटोकॉल

एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर नेली की तिचं काय होतं, या प्रश्नाने मला बरीच वर्षं झपाटलं आहे. विंडोजची फाइल युनिक्सवर उघडल्यावर ओळींच्या टोकाला चिकटलेली परकी चिन्हं अनेकांनी पाहिली असतील. विंडोज ओळ संपवताना दोन संकेत लिहितं, युनिक्स एक, जुना मॅकिंटॉश भलताच एक. ही झाली वरवरची गंमत. खोलात जाऊ लागलं की माणूस १९८१ सालच्या न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात पोचतो.

तिथे विद्यार्थ्यांचं काम डेकसिस्टम-२० या मोठ्या संगणकांवर चाले. डिस्कवरची जागा महाग, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या वाट्याला थोडीच. फाइली फ्लॉपीवर उतरवून ज्याच्या त्याच्या हाती द्याव्यात, अशी कल्पना निघाली. पण फ्लॉपीवाले छोटे संगणक सीपी/एम प्रणालीचे, आणि विद्यापीठात आयबीएमचीही मोठी यंत्रं. तिघांच्या तीन तऱ्हा. डेकचा शब्द ३६ बिटांचा. त्यात सात बिटांची पाच अक्षरं बसत आणि एक बिट रिकामा राही. सीपी/एम फाइलीची लांबी १२८ बाइटांच्या पटीत मोजे, म्हणून मजकूर नेमका कुठे संपला ते कळायला कंट्रोल-झेडची खूण लागे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर तर अक्षरांचे आकडेच वेगळे: बाकीचे आस्की वापरत, ती एबसिडिक.

फाइली पाठवण्याचा प्रोटोकॉल, म्हणजे नियमांचा संच, नवा नव्हता: वॉर्ड क्रिस्टन्सन यांचा एक्समोडेम १९७७पासून होता. पण त्याला आठही बिट जसेच्या तसे पोचवणारी लाइन हवी. मोठ्या संगणकांच्या लाइनींवर आठवा बिट पॅरिटीत, म्हणजे चूक ओळखण्याच्या खुणेत, खर्च होई आणि नियंत्रणाचे संकेत मधलीच यंत्रं गिळून टाकत. कोलंबियाच्या फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी लिहिलेल्या प्रोटोकॉलने या गैरसोयीच गृहीत धरल्या. मजकुराचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकाला क्रमांक आणि बेरजेची पडताळणी जोडायची, आणि धोक्याच्या संकेताला साध्या अक्षराचं सोंग द्यायचं. कंट्रोल-ए हा संकेत # आणि त्यामागे इंग्रजी 'ए' असा जाई. पलीकडे सोंग उतरवलं जाई. प्रोटोकॉलचं नाव कर्मिट. भिंतीवरच्या कॅलेंडरात मपेट्स या बाहुल्यांमधला त्या नावाचा बेडूक होता, म्हणून. पुढे बेडकाच्या मालक कंपनीची रीतसर परवानगीही घेतली गेली.

माझ्या मते खरी करामत दुसरीच. पाठवणाऱ्याने आपला मजकूर आधी ठरलेल्या सामाईक रूपात आणायचा, म्हणजे आस्की अक्षरं आणि ओळीअखेर दोन संकेत. घेणाऱ्याने तो आपल्या पद्धतीत उतरवायचा. दहा प्रणालींना एकमेकींशी थेट बोलायचं तर नव्वद रूपांतरं लिहावी लागतील. सामाईक रूप असलं की वीस पुरतात. प्रोग्रॅमच्या फाइलीवर मात्र हाच प्रयोग केला तर तिचं वाटोळं, म्हणून मजकूर की बायनरी हे वापरणाऱ्याला सांगावं लागे.

कर्मिट संथ आहे, हा आरोप त्याला कायम चिकटला. १९८६मध्ये चक फोर्सबर्ग यांचा झेडमोडेम हा वेगवान प्रोटोकॉल आल्यावर तर वेगवेड्यांनी त्याची टरच उडवली. मला हा आरोप अर्धाच पटतो. कर्मिटची मूळ मांडणी वाईटात वाईट लाइनीसाठी होती. लांब तुकडे आणि उत्तराची वाट न बघता पुढचे तुकडे पाठवण्याची सोय नंतर आली, पण अनेक व्यापारी प्रोग्रॅमांनी जुना, तुटपुंजा कर्मिट घालून दिला आणि लोकांनी त्यावरूनच निकाल लावला. डा क्रूझ यांच्या कर्मिटवरच्या १९८७च्या पुस्तकाला नामवंत संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांची प्रस्तावना आहे, हे टर उडवणाऱ्यांच्या गावीही नसावं.

मराठीची अडचण याच तराजूत तोलून पाहावी. सामाईक रूप आपल्याकडेही होतं: इस्की हे मानक १९९१मध्ये आयएस १३१९४ म्हणून पक्कं झालं, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. पण डीटीपीच्या फॉन्टवाल्यांनी प्रत्येकी आपापले आकडे ठरवले. एकाचा अर्धा 'क' दुसऱ्याकडे वेलांटी होऊन बसला. तंत्र अपुरं नव्हतं. गिऱ्हाईक आपल्याच फॉन्टला बांधून ठेवण्यात धंद्याला सोय होती, असा माझा स्पष्ट आरोप आहे. त्यामुळे युनिकोडमध्ये येताना प्रत्येक फॉन्टकुळासाठी वेगळा कन्व्हर्टर लागला, आणि आजही रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडून भटकतात, कारण जुन्या फॉन्टांत क्रम दिसण्याचा होता, युनिकोडमध्ये तो उच्चाराचा आहे.

कोलंबियाने २०११मध्ये कर्मिट प्रकल्प बंद केला, पण सोर्स कोड खुल्या परवान्याखाली आला आणि डा क्रूझ यांनी काम चालू ठेवलं. नियम पहिल्यापासून छापील असल्याने कुणीही आपल्या यंत्रासाठी कर्मिट लिहू शकत होता. आपल्या फॉन्टांचे तक्ते तसे कुणी छापले नाहीत. तेव्हा ज्यांच्या कपाटात नियतकालिकांच्या जुन्या अंकांच्या सीडी आहेत, त्यांनी मजकुराच्या फाइलीबरोबर तो नेमका फॉन्टही जपावा आणि युनिकोडचं काम याच वर्षी उरकावं. फॉन्ट हरवला, की उरलेल्या आकड्यांना मराठी म्हणायला कोणताही आधार राहत नाही.