सणाच्या दारी आलेला बहुरूपी

सुगी आटोपली की पूर्वी गावोगाव बहुरूपी येत असे. अंगात खाकी पोशाख, हातात छडी आणि आवाजात जरब! ‘तुमच्या नावाचे वॉरंट आहे’ असे तो म्हणताच पोरेबाळे आजीच्या पदराआड दडत. क्षणभराने हशा पिके, सोंग उतरे आणि पसाभर धान्य घेऊन तो पुढच्या घराकडे वळे. आज सणासुदीच्या खरेदीच्या दिवसांत ईमेलच्या वाटेने जो बहुरूपी येतो, तो मात्र सोंग उतरवीत नाही आणि पसाभरावर संतुष्टही होत नाही.

या फसवणुकीस ‘फिशिंग’ म्हणतात. गळ टाकून मासा धरावा, तसा हा प्रकार. ‘पेपाल’ ही पैसे पाठविण्याची सेवा १९९९ साली सुरू झाली आणि २००० सालीच तिचे सोंग घेतले गेले. इंग्रजी नावातील शेवटचे ‘एल’ काढून तेथे मोठ्या लिपीतील ‘आय’ बसविले. पडद्यावर दोन्ही केवळ उभ्या रेघा! ‘आपणांस मोठी रक्कम आली आहे’ या पत्रातील दुव्यावर जाऊन ज्याने परवलीचा शब्द लिहिला, त्याने तिजोरीची किल्लीच परक्याच्या हाती दिली.

मग पारख करावी तरी कशी? पहिली खूण घाईची. ‘आजच खात्री करा, अन्यथा खाते बंद होईल’ अशी धमकी दिसली की तेथेच थबकावे. दुसरी खूण पत्त्याची. पाठविणाऱ्याचे नाव कोणीही कोणतेही लिहू शकतो. म्हणून ‘ॲट’ चिन्हापुढचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. ओळखीच्या नावाला आडवी रेघ देऊन ‘सिक्युरिटी’सारखे शेपूट जोडलेले असेल, तर ते घर निराळेच समजावे. तिसरी खूण मागणीची. परवलीचा शब्द, ओटीपी वा पिन पत्राने मागणारा कधीच खरा नसतो. आणि यूपीआयने पैसे स्वीकारण्यास पिन लागत नाही, हे घरातील प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.

पूर्वी अशुद्ध भाषेवरून लबाडी उघडी पडे. आता यंत्रबुद्धीच्या साहाय्याने ठकही निर्दोष भाषा लिहितो. एवढेच नव्हे, तर पेपालच्याच खऱ्या यंत्रणेतून खोटी बिले धाडून त्यांत ठकांनी आपला दूरध्वनी क्रमांक दिल्याचे प्रकारही घडले आहेत. तेथे पत्ता खरा, मजकूर मात्र लबाड!

म्हणून सर्वांत भरवशाचा नियम एकच : पत्रातील दुव्याला वा क्रमांकाला स्पर्शही करू नये. आपण होऊन त्या सेवेचे ॲप उघडावे, किंवा तिचा पत्ता स्वहस्ते लिहून खाते पाहावे. सूचना खरी असेल तर ती तेथेही दिसेलच.

तरीही चूक घडलीच, तर संकोचाने गप्प बसू नये. तत्काळ बँकेस कळवावे, १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी व परवलीचा शब्द बदलावा. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती रोखता येण्याची आशा असते. प्रत्येक घटका मोलाची.

घरातील वडीलधाऱ्यांना हे सारे यंदा फराळाच्या ताटाशी बसूनच समजावून सांगावे. वर्षभर पैपै करून जमविलेली पुंजी राखणे, हेही लक्ष्मीचे पूजनच नव्हे काय?