पाणी देणे आणि पाणी मागणे : ख्रिस्ती प्रीतिविचारातील ‘शेजारी’

सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, नीरेकाठच्या शिरवळ गावी वाटसरूंसाठी बांधलेली एक जुनी दगडी पाणपोई आहे. अनोळखी तहानलेल्यास पाणी पाजणे हे आपल्याकडे मोठे पुण्य मानले गेले. तथापि पूर्वी पाणपोयांवर अस्पृश्य मानलेल्या वाटसरूच्या ओंजळीत पाणी वरून ओतण्याची रीत होती; भांडे त्याच्या हाती दिले जात नसे. दया होती, संसर्ग नव्हता. ख्रिस्ती धर्मातील प्रीतीची कल्पना नेमकी याच ठिकाणी पारखून पाहण्याजोगी आहे.

नव्या करारातील ‘आगापे’ या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलाने ‘प्रीती’ हा शब्द योजला. स्वीडिश धर्मपंडित आंडर्स नीग्रेन यांनी १९३० च्या दशकात तिचे विवेचन करताना असे प्रतिपादिले की, ‘एरोस’ हे योग्यतेकडे झेपावणारे मानवी प्रेम होय, तर ‘आगापे’ ही योग्यता न पाहता खाली उतरणारी ईश्वरी प्रीती होय. हा भेद उद्बोधक असला तरी मराठी वाचकास तो पुरेसा वाटणार नाही. वारकऱ्यांची विठाईमाउली तरी लेकराची योग्यता कोठे पाहते? ख्रिस्ती विचाराचा विशेष भर शोधावयाचा तो अन्यत्र. दिसणाऱ्या बंधूवर जो प्रीती करीत नाही त्याला न दिसणाऱ्या देवावर ती करता येणार नाही, असा योहानाच्या पहिल्या पत्राचा युक्तिवाद आहे. येथे मनुष्यप्रेम हे ईश्वरप्रेमाचे केवळ फळ न राहता त्याची कसोटी ठरते.

मग शेजारी कोण? मराठीत शेजारी म्हणजे ज्याचे घर आपल्या घरास लागून आहे तो. देशावरील जुन्या गावांत आळ्या जातवार वसलेल्या आणि काही वस्त्या तर गावकुसाबाहेर. तेव्हा हा शब्द अक्षरशः घेतला, तर शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा स्वजातीच्या आळीतच पुरी व्हावी! लूकच्या शुभवर्तमानातील शास्त्र्याचा प्रश्नही असाच हद्द आखून मागणारा होता. येशूने चांगल्या शोमरोन्याची कथा सांगून प्रश्नच फिरविला : वाटेत घायाळ पडलेल्याचा शेजारी कोण झाला? शेजार हा वस्तीने लाभत नाही, तो कृतीने निर्माण करावा लागतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय त्याहून पुढे जातो. तेथे विहिरीपाशी थकून बसलेला येशू शोमरोनी स्त्रीस पाणी देत नाही, तो प्रथम तिच्यापाशी पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. म्हणून ती चकित होते. देणाऱ्याचा उच्चपणा दान देऊनही शाबूत राहू शकतो. मागणाऱ्याचा राहत नाही. हा प्रसंग महाराष्ट्रात जितका झोंबतो तितका पाश्चात्त्य भाष्यकारांना क्वचितच झोंबला असेल.

ना. वा. टिळकांच्या घरी तो प्रत्यक्ष घडला. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर पुनश्च एकत्र संसार सुरू झाला, तरी लक्ष्मीबाईंनी सोवळे आणि पाणी काही काळ वेगळेच राखले. पुढे विचारान्ती त्यांनी हे निर्बंध सोडले आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रां’त त्यांनी आपले हे मनःपरिवर्तन वर्णिले आहे. त्यांच्या बाबतीत हाताचा विटाळ आधी गेला, धर्मदीक्षा नंतर आली. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

टिळकांना आणखी एक कुंपण दिसले, ते ख्रिस्ती मंडळीचे स्वतःचे. बाप्तिस्म्याचे पाणीही ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ असा भेद पाडू शकते. आयुष्याच्या अखेरीस मिशनची चाकरी सोडून १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि साताऱ्यास वास्तव्य केले. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोहोंनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्या बंधुमंडळात स्थान होते. मंडळीचा विधी गौण ठरतो की काय, ही शंका तेव्हाही रास्त होती आणि आजही निकालात निघालेली नाही. प्रयोगास अवधी मात्र थोडाच मिळाला. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस निवर्तले.