कांड्या फुल, नेट गुल
वायफायच्या कांड्या फुल, पासवर्डही बरोबर, तरी नेट नाही. पैनगंगेकाठच्या बेल्याहून आदिलाबादला किंवा चंद्रपूरला शिकायला गेलेल्या पोराच्या वाट्याला हॉस्टेलात हे हमखास येतं, आणि शिव्या खातो तो भिंतीवरचा डबा. त्याचा बिचाऱ्याचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो.

घरी एकच पासवर्ड सगळ्यांना चालतो. मोठ्या संस्थेत मात्र प्रत्येकाची ओळख वेगळी तपासली जाते. त्यासाठीचं ८०२.१एक्स हे मानक २००१ सालचं. भिंतीवरचा ॲक्सेस पॉइंट स्वतः काहीच ठरवत नाही. जिनिंगच्या फाटकावरचा चौकीदार कापसाची गाडी थांबवून ऑफिसात विचारतो, तसा तो ‘रेडियस’ सर्व्हरला विचारतो. होकार येईपर्यंत फोन बाहेरच. कांड्या सिग्नलचा जोर दाखवतात, परवानगी नाही.

म्हणून जाणता माणूस डबा बंद-चालू करत बसत नाही, आधी सर्व्हरचा लॉग उघडतो. त्यात पोराचं नावच नसेल, तर विचारणा तिथवर पोचलीच नाही. बऱ्याचदा फायरवॉलने १८१२ क्रमांकाचं पोर्ट अडवलेलं असतं. स्पष्ट नकार असेल तर पासवर्ड तपासायचा. विचारणा अर्धवट तुटली असेल, तर बहुधा फोननेच सर्व्हरला नाकारलेलं असतं. कारण सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते किंवा फोनची तारीख चुकलेली असते. ‘प्रमाणपत्र तपासू नका’ ही पळवाट अँड्रॉइड ११ पासून बऱ्याच फोनांतून गेली. बरंच झालं. संस्थेच्याच नावाचं खोटं वायफाय उभारून पासवर्ड लाटणाऱ्यांना ती आयतीच सापडत होती.

सगळ्यात जास्त चकवतो तो मॅक पत्ता. हा फोनच्या वायफायचा ४८ बिटांचा क्रमांक, कारखान्यातच ठरलेला. काही ठिकाणी त्यावरूनच फोनची नोंदणी करतात. पण २०१९च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२०च्या आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा पत्ता न सांगता बनावट सांगू लागले, कोणी पाळत ठेवू नये म्हणून. मग कालपर्यंत चाललेला फोन सॉफ्टवेअर अपडेट झाला की अनोळखी ठरतो. लॉगमध्ये हे ओळखणं सोपं आहे: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर पत्ता बहुधा बनावट. त्या वायफायपुरता खासगी पत्ता बंद केला की काम होतं. खरं तर ज्याची नक्कल कोणालाही करता येते, त्या पत्त्यावर ओळख टाकायचीच कशाला?

कधी लॉगमध्ये ‘परवानगी दिली’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि लॅपटॉपवर पत्ता दिसतो १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे ओळख पटली, पण आयपी पत्ता वाटणारा डीएचसीपी सर्व्हर सापडला नाही. बहुधा रेडियस सर्व्हरने दिलेला व्हीलॅनचा, म्हणजे नेटवर्कमधल्या वेगळ्या कप्प्याचा, क्रमांक मधल्या एखाद्या स्विचवर चढवायचा राहिलेला असतो. इथे पोराने पासवर्ड कितीदा बदलला तरी उपयोग नाही. त्याने तक्रारीत ‘नेट चालत नाही’ एवढंच न लिहिता नेमकी वेळ आणि मॅक पत्ता दिला, तर लॉगमधली त्याची ओळ लगेच सापडते.