शरीरशिक्षक घडविताना

शरीरशिक्षक म्हटला की गळ्यात शिट्टी आणि कपाटात ढाली-करंडक, हेच चित्र समाजापुढे उभे राहते. शाळेने सामना जिंकला की शिक्षक चांगला! पण ज्या मुलांना संघात कधीच जागा मिळाली नाही, त्यांचे काय? उद्या यंत्रापुढे, खुर्चीवर किंवा मोटारीच्या चाकामागे आयुष्य काढणार आहेत ती बहुतांशी हीच मुले. म्हणून कामगार संघटनेत वावरणाऱ्या आम्हा मंडळींना हा प्रश्न परका वाटत नाही.

तंदुरुस्तीचे दोन प्रकार आधी वेगळे केले पाहिजेत. वेग, चपळाई, तोल ही खेळाला लागणारी तंदुरुस्ती. तिच्यात उपजत देणगीचा वाटा मोठा. आरोग्याला लागणारी तंदुरुस्ती निराळी. तिची अंगे पाच : हृदय-फुप्फुसांचा दम, स्नायूंची ताकद, ती ताकद टिकविण्याचा चिवटपणा, सांध्यांची लवचिकता आणि शरीरातील चरबीचे प्रमाण. ही अंगे बहुतेकांना आपापल्या मगदुराप्रमाणे सुधारता येतात.

या दुसऱ्या तंदुरुस्तीचे मोल कामगारांच्याच अभ्यासातून पुढे आले. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसकामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. चालक मुळातच स्थूल असतील काय, ही शंकाही मॉरिस यांनी सोडली नाही. १९५६ साली गणवेशाच्या मापांवरून त्यांनी तीही तपासली, आणि चालकांची कंबर वाहकांहून मोठी निघाली. पुढे इतर व्यवसायांतील अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला बळकटी दिली.

शाळेतील चाचण्या मात्र सावकाश बदलल्या. अमेरिकेत १९५८ च्या राष्ट्रीय चाचणीत चेंडूफेक आणि पन्नास यार्डांची धाव होती. १९८० साली आलेल्या आरोग्यविषयक चाचणीत त्यांच्या जागी लांब पल्ल्याची धाव, बैठी लवचिकता आणि त्वचेखालील चरबीचे मोजमाप आले. विचार बदलला तो असा : शेजाऱ्याला हरविणे नव्हे, तर आरोग्याला पुरेल इतकी क्षमता गाठणे.

आपल्याकडे कांदिवलीला १९३८ साली शरीरशिक्षणाची प्रशिक्षणसंस्था निघाली, आणि २०१४ च्या नियमावलीने बी.पी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. हा वाढलेला काळ कशासाठी वापरावा? आमच्या मते, नुसती व्याख्याने पाठ करून घेण्यासाठी नव्हे. भावी शिक्षकाने स्वतः सहा-आठ आठवडे व्यायामाची आखणी करून आपली नोंद ठेवावी. म्हणजे भार हळूहळू का वाढवायचा, हे त्याला अंगानेच कळेल. मुलांना पंधरा सेकंद नाडी मोजून चाराने गुणायला शिकवावे. सरावपाठ तपासणाऱ्याने पहिल्या रांगेतील कवायत किती सुबक झाली एवढेच पाहू नये. शेवटच्या रांगेतील मूल तासात किती मिनिटे हालले, तेही मोजावे. आपली पाळी येईपर्यंत उभे राहण्यात तास संपत असेल, तर तो व्यायाम कसला? स्थूल मुलाचे वजन वर्गासमक्ष वाचून दाखवू नये. एकदा लाजलेले मूल मैदानाकडे पुन्हा फिरकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटांची, तर प्रौढांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटांची मध्यम हालचाल सुचविली. शाळेच्या तासात एवढे सगळे बसणार नाही. म्हणूनच शाळा सुटल्यावरही टिकणारी सवय लावणारा शिक्षक हवा. पालकसभेत ढालींची संख्या विचारणाऱ्या आपण नागरिकांनी यापुढे एक प्रश्न अधिक विचारावा : संघात नसलेल्या आमच्या मुलाला यंदा तुम्ही काय शिकविले?