बारा तासांची फिरती पाळी आणि हरवलेली झोप

पानशेत परिसरातल्या वस्त्यांमध्ये रक्तदाब तपासायला बसलो की एक तक्रार हमखास ऐकू येते. "ताई, अंग मोडून येतं, पण डोळ्याला डोळा लागत नाही." सांगणारा बहुतेक वेळा तिशी-चाळिशीतला असतो. कुणी सिंहगड रोडवरच्या सोसायटीत सिक्युरिटीला, कुणी धायरी-नऱ्हेच्या वर्कशॉपमध्ये, कुणी हॉस्पिटलात वॉर्डबॉय किंवा मावशी. ड्युटी सात ते सात. एक आठवडा दिवसाची, पुढचा आठवडा रात्रीची. घरच्यांना वाटते, माणूस चिडका झाला. त्याला स्वतःला वाटते, आपलीच तब्येत नाजूक. आम्ही नर्सिंगच्या नोकरीत अशा रात्री काढल्या आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो: दोष माणसाच्या तब्येतीत नाही, पाळीच्या वेळापत्रकात आहे.

आधी तासांचा हिशोब

रात्री सातला हजेरी लावायची तर पानशेतकडच्या माणसाला साडेपाचच्या सुमारास घर सोडावे लागते. सकाळी सातला सुटी झाली तरी रिलीव्हर येईपर्यंत हलता येत नाही. बस मिळून घरी पोचायला साडेआठ वाजतात. म्हणजे बारा तासांची ड्युटी घराच्या हिशोबाने पंधरा तासांची झाली. उरले नऊ तास. त्यातच आंघोळ, जेवण, पाणी, रेशन, मुलांची शाळा आणि झोप. पुरुषाला निदान ताट वाढून मिळते. बाई रात्रपाळीहून आली की पदर खोचून चुलीपाशीच जाते. तिला सलग चार तास मिळाले तरी पुष्कळ.

रात्री जागणारी माणसे समाजाला लागतातच. पानशेतचे धरण 12 जुलै 1961 च्या सकाळी फुटले. त्याआधीची सबंध रात्र जवान वाळूच्या गोण्या रचत धरणावर राबत होते, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. हॉस्पिटल, पाणीपुरवठा, वीज, पहारा, यातले काहीच रात्री बंद ठेवता येत नाही. प्रश्न एवढाच की जागणाऱ्याला किती तास जागवायचे, आणि त्याची झोप त्याला परत कधी द्यायची.

शरीराचे घड्याळ

आपल्या मेंदूत एक घड्याळ असते. ते सूर्यप्रकाशावर चालते. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन नावाचे द्रव्य वाढते आणि झोप येते. पहाटे चारच्या आसपास शरीराचे तापमान सर्वात कमी असते, तेव्हा डुलकी अनावर होते. पोट, स्वादुपिंड, हृदय सगळे याच घड्याळाने चालतात. ते पेशींच्या आत कसे चालते, हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ हट्टी आहे. वेळ बदलली तर ते दिवसाला साधारण एक तासाने सरकते. दिवसाची रात्र करायची म्हणजे त्याला बारा तास सरकवायचे. त्याला बारा दिवस लागतील, आणि आपली पाळी सातव्या दिवशी उलटते. म्हणजे शरीर अर्ध्या वाटेवर असतानाच त्याला माघारी फिरवले जाते. त्यात सकाळी घरी येताना तोंडावर ऊन पडते. ते ऊन मेंदूला सांगते की दिवस उगवला, जागा हो. म्हणून रात्रपाळीचा माणूस कितीही दमलेला असला तरी दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा दोन-तीन तासांनी कमी भरते आणि कच्ची असते.

याचे शरीरावर काय होते

पहिली तक्रार पोटाची. रात्री दोन वाजता पोट झोपलेले असते आणि आपण त्यात वडापाव, बिस्किटे आणि चार कप गोड चहा टाकतो. रात्री खाल्लेल्या अन्नाची साखर शरीराला दिवसाइतकी नीट वापरता येत नाही. आधी आंबट ढेकरा येतात, मग वजन वाढते. वर्षानुवर्षे असे चालले तर मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोका वाढतो.

दुसरी गोष्ट हृदयाची आणि मेंदूची. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली एकत्रित अहवाल दिला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त आढळला. आपली माणसे सहा दिवस बारा तास म्हणजे 72 तास भरतात.

तिसरी गोष्ट कर्करोगाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचे घड्याळ बिघडवणारी पाळी 2007 साली आणि रात्रपाळीचे काम पुन्हा 2019 साली, बहुधा कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या गटात ठेवले. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो, असा याचा अर्थ नाही. पण धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय कुणाला वर्षानुवर्षे रात्री राबवणे योग्य नाही.

मनावर होणारा परिणाम तर घरातच दिसतो. चिडचिड, विसरभोळेपणा, उदासी, आणि झोप यावी म्हणून घेतलेला 'क्वार्टर'. दारूने डोळा लवकर लागतो, पण दोन-तीन तासांनी झोप मोडते आणि नंतर लागत नाही. पुढे दारूही वाढते.

परतीचा रस्ता

जो माणूस दुपारी दोनला उठून ड्युटीवर गेला, तो सकाळी सातला सलग 17 तास जागा असतो. इतका वेळ जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसासारखे चालतात, हे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. थेंबभर दारू न घेताही तो माणूस या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत गाडी चालवत असतो. खडकवासल्यापासून डोणजे, खानापूरकडून पानशेतला येणारा रस्ता वळणांचा आहे, आणि रविवारी सकाळी त्यावर पर्यटकांच्या गाड्या धावतात. रात्रपाळी करून एकट्याने दुचाकीवर येणे शक्य तितके टाळा. बसने या. गाडीवर यावेच लागले तर निघण्याआधी वीस मिनिटे तिथेच डुलकी काढा. डोळे मिटायला लागले तर गाडी बाजूला घ्या. तोंडावर पाणी मारून झोप जात नाही.

आठ तास कुठून आले

आठवड्याची सुट्टी आणि कामाचे ठरलेले तास कुणी दान दिलेले नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि 1890 साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, 1946 साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. आठ तास गुणिले सहा दिवस, हा हिशोब तेव्हापासून कायद्यात आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही दिवसाचे नेहमीचे काम आठ तासांचे आणि आठवड्याचे कामाचे दिवस सहा आहेत.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली. तेव्हापासून काही ठेकेदार सांगतात, "आता बारा तास कायदेशीर आहे." इथे नीट हिशोब करा. त्याच निर्णयात तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तास केली आहे, आणि त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागते. आठवड्याला 72 तास भरणाऱ्याचा ओव्हरटाइम 24 तास होतो. तीन महिन्यांचे तेरा आठवडे धरले तर 312 तास. म्हणजे वाढवलेल्या मर्यादेच्याही दुप्पट. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, आणि आपल्या किती माणसांच्या पगारपत्रकावर तो दिसतो?

आणखी एक नियम कामाचा आहे. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत साप्ताहिक सुट्टी पाळी संपल्यापासून सलग 24 तासांची मोजायची असते. रविवारी सकाळी सातला सुटलेल्या माणसाला "आज रविवार, तुझी सुट्टी झाली" म्हणून त्याच रात्री बोलावता येत नाही. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी तर 1981 चा स्वतंत्र महाराष्ट्र अधिनियम आहे आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळ आहे. ठेकेदाराकडून काम करणाऱ्यांनी तिथे चौकशी करावी.

घरी काय करता येईल

• घरी आल्यावर हलके खाऊन लगेच झोपा. कामे उठल्यावर. ड्युटीला निघण्याआधी पुन्हा तास-अर्धा तास पडा.

• खिडकीला जाड गडद चादर लावा. पत्र्याचे घर दुपारी तापते, म्हणून सकाळचीच झोप महत्त्वाची. मोबाईल बंद, कानात कापूस.

• मुख्य जेवण ड्युटीआधी घरी करा. डब्यात भाकरी, उसळ, फुटाणे, केळे न्या. शेवटच्या पाच तासांत चहा नको. तंबाखूने झोप आणखी बिघडते.

• मधुमेह, रक्तदाब, टीबी किंवा फिट येण्याचे औषध चालू असेल तर पाळी बदलल्यावर गोळीची वेळ मनाने बदलू नका. इन्सुलिनबाबत तर मुळीच नाही. डॉक्टरांना पाळी सांगून वेळ लिहून घ्या. फिट येणाऱ्या माणसाला जागरणाने झटका येऊ शकतो. त्याला रात्रपाळी नकोच, तसे पत्र डॉक्टरांकडून घ्या.

• झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका.

• गरोदर बाईने रात्रपाळी आणि उभ्याने होणारे काम यांबद्दल पहिल्याच तपासणीत सांगावे.

• रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर आणि वजन तपासून घ्यावे. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआय योजनेत येत असेल तर ईएसआयचे कार्ड मागा. पगारातून पैसे कापले जात असतील तर उपचार तुमचा हक्क आहे.

वस्तीने आणि विहाराने काय करावे

दिवसा झोपलेला माणूस आळशी नाही, हे आधी शेजाऱ्यांनी समजून घ्यावे. ज्या गल्लीत रात्रपाळीवाले राहतात तिथे सकाळी नऊ ते दुपारी दोन स्पीकर लावू नये. वाढदिवस असो की जयंतीची तयारी, हे ठरवणे आपल्याच हातात आहे. बाई रात्रपाळी करत असेल तर सकाळचा स्वयंपाक आणि पाणी घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी उरकावे.

मालकाकडे एकट्याने गेले तर उद्यापासून येऊ नको म्हणतात. दहा जण मिळून गेले तर ऐकावे लागते. मागण्या साध्या ठेवा: बाराऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या. पाळी फिरवायचीच तर सकाळ, मग दुपार, मग रात्र या क्रमाने, कारण शरीराला उशिरा झोपणे लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. लागोपाठ दोन-तीनच रात्री. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तास. रिलीव्हर आला नाही म्हणून चोवीस तासांची 'डबल' नको. मध्यरात्रीनंतर आळीपाळीने वीस मिनिटांची विश्रांती.

त्यासाठी नोंद हवी. आजपासून एक छोटी वही करा. तारीख, कामावर आल्याची वेळ, सुटल्याची वेळ आणि किती तास झोप मिळाली, एवढेच लिहा. तीन महिन्यांनी ती वही विहारातल्या बैठकीत आणा. तासांची बेरीज आपण एकत्र बसून करू, आणि कामगार अधिकाऱ्यांकडे जायचे झाले तर तीच वही पुढे ठेवू.