दुसऱ्याच्या देवघरात

परदेशी निघालेल्या मुलाला घरची मंडळी काय थोड्या सूचना देतात! लोकरीचे कपडे वर ठेव, पासपोर्ट जिवापलीकडे जप, लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत बांध. पण तिथल्या लोकांच्या उपासनेला बसायचा योग आला, तर कोठे उठावे, कोठे बसावे आणि कोठे नुसते गप्प राहावे, हे मात्र कोणी सांगत नाही. ताजमहाल पाहावा तसे चर्च पाहून यावे, एवढेच आपण धरून चालतो. परंतु माणसे प्रार्थनेला बसली, की ती इमारत प्रेक्षणीय स्थळ राहत नाही. ते कोणाचे तरी देवघर होते. मग आत शिरलेल्या पाहुण्याला, आपण इथे कोण, हे ठरवावेच लागते.

आमच्या महाविद्यालयातील अठरा मुलामुलींना घेऊन मी मे महिन्यात केंब्रिजला गेलो होतो, तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढे येऊन उभा राहिला. केंब्रिज म्हटले की मराठी घरात पहिले नाव निघते ते रँग्लर परांजप्यांचे. १८९९ साली ते तिथे सीनियर रँग्लर झाले. तेव्हा मुलांनी आधी त्यांचे सेंट जॉन्स कॉलेज भक्तिभावाने पाहून घेतले आणि मग मोर्चा वळवला तो किंग्ज कॉलेजच्या चॅपेलकडे.

सहाव्या हेन्री राजाने १४४६ साली या प्रार्थनामंदिराचा पाया घातला. पुढे यादवी माजली, राजे बदलले, काम थांबले, पुन्हा सुरू झाले आणि १५१५ च्या सुमारास दगडी बांधकाम एकदाचे पुरे झाले. लांबी २८९ फूट, रुंदी अवघी ४० फूट आणि उंची ८० फूट. छताचा दगड पंख्यासारखा उलगडत गेलेला. दिवसा आत जायला तिकीट पडते. सायंप्रार्थनेला मात्र तिकीट नाही. रांगेत उभे राहावे आणि आत जाऊन बसावे.

“म्हणजे प्रेक्षकाला पैसे आणि भाविकाला फुकट!” रांगेतला आमचा एक विद्यार्थी म्हणाला.

“आणि आपण कोण रे?” मागून एका मुलीने विचारले. त्यावर तो नुसता हसला.

या सायंप्रार्थनेला ‘ईव्हनसाँग’ म्हणतात. आर्चबिशप क्रॅन्मर यांनी सिद्ध केलेल्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात तिची बांधणी झाली. जुन्या मठांतील संध्याकाळच्या दोन उपासना त्यांनी एकत्र गुंफल्या आणि लॅटिनच्या जागी लोकांची इंग्रजी आणली. संस्कृत पोथी प्राकृतात आणण्याचे मोल जाणणाऱ्या आपल्या मंडळींना यातले मर्म सांगायला नको. बायबलातील दीडशे स्तोत्रे या पुस्तकात महिन्याच्या तीस दिवसांवर सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. दर महिन्याला एक पारायण पुरे होते!

सोळा मुले आणि त्यांच्या जोडीला कॉलेजातले तरुण गायक असा तिथला गायनवृंद. हे गायक समोरासमोर दोन ओळींत बसतात. एका बाजूने चरण म्हणायचा, दुसरीने पुढचा उचलायचा. मला तर दिंडीतले टाळकरीच आठवले. पखवाज नाही, टाळ नाही, पण या काठावरून त्या काठावर भजन झेलायची रीत तीच. मग येशूच्या आईचे, मरियेचे, गीत झाले. बलाढ्यांना आसनावरून खाली ओढणाऱ्या आणि भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या देवाची त्यात स्तुती आहे. पाठोपाठ, आता मला सुखाने जाऊ दे, असे म्हणणाऱ्या वृद्ध शिमोनाचे गीत. मुले चित्रासारखी बसली होती.

आता उठायचे केव्हा, बसायचे केव्हा? आमच्यापैकी एक मुलगी आधीच जाणत असावी तशी सहज उठे, सहज बसे. बाकीचे तिच्याकडे पाहून तसेच करत. मध्येच सारी सभा उठून उभी राहिली आणि एका आवाजात ‘मी विश्वास ठेवतो’ असे म्हणू लागली. हा ख्रिस्ती मतांगीकार. आमची मुलेही उभी राहिली. छापील शब्द हातात होते. काहींनी म्हटले, काही गप्प राहिले.

रात्री वसतिगृहात त्यावरूनच वाद पेटला. “सभ्यपणे सगळ्यांबरोबर म्हटले तर काय बिघडले?” असे एकाचे म्हणणे. दुसरा म्हणाला, “उभे राहणे हा शिष्टाचार झाला. पण ‘मी विश्वास ठेवतो’ ही शपथ आहे. मनात नसताना ती घेणे म्हणजे त्यांचाच अपमान.” मला दुसऱ्याचे पटले. गाणे ऐकावे, उभे राहावे, डोळे मिटावेत. यांत काही खोटे नाही. तोंडून निघणारा शब्द मात्र आपला असावा.

खरा पेच पुढेच होता. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळच्या उपासनेत प्रभुभोजन असते. एका मुलीने निर्वाणीचे सांगितले, “सर, प्रसादाला नाही म्हणू नये, असे आमची आजी सांगते. दिला तर मी घेणार.”

आजीचे बरोबरच आहे. आपल्याकडे प्रसाद घेताना जात, पंथ, श्रद्धा कोणी विचारीत नाही. नाकारला तर मात्र देणाऱ्याच्या मनाला लागते. पण प्रभुभोजनाची गोष्ट निराळी. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांना भाकर आणि द्राक्षारस दिला, त्याचे हे स्मरण. बाप्तिस्मा झालेला माणूस त्यात आपले नाते पुन्हा जोडून घेतो. मी मुलांना म्हटले, “पंढरीच्या वाटेवर दिंडीत कोणीही चालावे, पंगतीला कोणीही बसावे. पण तुळशीची माळ घातली की व्रत आले. ती कोणी प्रवासाची आठवण म्हणून घालून घेत नाही.”

तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात ऐकत बसलेली, चॅपेलमध्ये सहज उठणारी ती मुलगी हळूच म्हणाली, “पुढे जायला हरकत नाही. हात छातीशी दुमडून उभे राहायचे. मग ते भाकर देत नाहीत, आशीर्वाद देतात. आमच्याकडे लहान मुले तशीच जातात.”

“आमच्याकडे म्हणजे?”

“अहिल्यानगरला. आमच्या चर्चमध्ये.”

तीन वर्षे एका बाकावर बसलेल्या मैत्रिणी तिच्याकडे पाहतच राहिल्या. ती ख्रिस्ती आहे हे ठाऊक होते. पण तिचा रविवार कसा जातो, हे कोणी विचारले नव्हते. मग त्या रात्री प्रश्नांची सरबत्ती झाली. पेटी आणि तबल्यावर तिथे भजने होतात, रेव्हरंड टिळकांची पदे म्हणतात, हे तिने सांगितले. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पण अभंग सोडला नाही. ‘अभंगांजली’ त्यांचीच. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर बहुतेकींनी वाचली होती. तिच्या शेजारीच ते घर नांदते आहे, हे मात्र केंब्रिजमध्ये कळले! ज्या इंग्लंडात आम्ही बसलो होतो, तिथूनच आलेल्या फादर स्टीफन्सने १६१६ साली गोव्यात मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ छापले, हेही मग बोलण्यात निघाले.

रविवारी उपासनेत शेजाऱ्याला शांतीचा हात देण्याची वेळ आली. तिथे अट कसलीच नव्हती. अनोळखी हातांत आमचे सगळे हात गेले. पुढे प्रभुभोजनाला रांग लागली. अहिल्यानगरची मुलगी आपल्या हक्काने वेदीपाशी गेली. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि इंग्लंडचे चर्च एकाच कुटुंबातले. तिच्यामागून आजीची नात छातीशी हात दुमडून गेली. धर्मगुरूंनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. शपथेचा आग्रह धरणारा मुलगा जागचा हलला नाही; मान लववून बसून राहिला. तिघांनीही आपापल्या परीने त्या घराचा मान राखला, असे मला वाटते.

त्याच वर्षी नाताळात आमच्यातली सहा-सात मुले एसटीने अहिल्यानगरला गेली. परत आल्यावर त्यांनी वर्णन केले ते सतरंजीवरच्या बैठकीचे, पेटीच्या सुरांचे आणि मैत्रिणीच्या आईने बळेबळे वाढलेल्या करंज्यांचे. कोठे उठायचे आणि कोठे गप्प राहायचे, हे या खेपेला त्यांना कोणी सांगावे लागले नाही.